आखाड्यावरच्या तीन रात्री: फ्रिज, दिवे आणि बॅटरीचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलअखेर पैठण तालुक्यात, नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) फुगवट्याजवळ नातेवाइकांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, तीन रात्री मुक्काम. माणसं सहा. ४० लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज, तीन दिवे. हाताशी घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी आणि गच्चीवर पडून असलेलं ३३५ वॅटचं पॅनल. एवढ्यावर भागेल, की पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला तयार डबा) घ्यावं?

भागेल. एका सुट्टीसाठी पॉवर स्टेशन घेऊ नका. फक्त तुम्ही मांडलेला हिशेब, म्हणजे ४५ वॅट गुणिले आठ तास बरोबर ३६० वॅट-तास, आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाही. आठ तास याचा अर्थ कंप्रेसर एक तृतीयांश वेळ चालतो. बाहेर २५-३० अंश असतील तेव्हा ते ठीक. दुपारी ४१-४२ अंशांत तोच फ्रिज साठ-सत्तर टक्के वेळ चालतो, आणि गरम हवेत प्रत्येक फेरीला करंटही जास्त ओढतो. सावलीत ठेवलेल्या ४० लिटरच्या फ्रिजला दिवसाला ५५० वॅट-तास धरा. उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवलात तर कुठलाच आकडा धरू नका.

आधी एक खात्री करा: फ्रिजच्या मागच्या पट्टीवर आर१३४ए किंवा आर६००ए असं वायूचं नाव आहे ना? नसेल आणि नुसता पंखाच ऐकू येत असेल, तर तो पेल्टियरचा, म्हणजे कंप्रेसर नसलेला, डबा आहे. तो बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंशच खाली जातो, तेही चोवीस तास वीज खाऊन. बेचाळीस अंशांत आत बावीस-सत्तावीस. दूध संध्याकाळपर्यंत नासतं.

आता खरी बचत. दहा लिटर पाणी ३५ वरून ५ अंशांवर आणायला साधारण ३५० वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते, आणि त्यासाठी फ्रिज या हवेत अडीचशेच्या आसपास वॅट-तास वीज खातो. म्हणजे फ्रिजच्या दिवसभराच्या खर्चातला जवळजवळ अर्धा! म्हणून पिण्याचं पाणी फ्रिजमध्ये घालूच नका. एप्रिलात आपली हवा इतकी कोरडी असते की सावलीतला माठ हे काम फुकट करतो. फ्रिज दूध, दही, मटण आणि औषधांसाठी. आदल्या रात्री घरच्या विजेवर त्याचा ॲडाप्टर लावून तो ४ अंशांवर आणा, सामानही घरच्या फ्रिजमध्ये गार करूनच भरा, आणि एक-एक लिटरच्या चार बाटल्या गोठवून मोकळ्या जागेत कोंबा. चार किलो बर्फ वितळताना ३७० वॅट-तासांच्या आसपास उष्णता शोषतो. पहिल्या दिवसाचं जवळपास निम्मं काम त्यावरच निघतं.

फ्रिज जमिनीवर ठेवू नका. काळी माती दुपारी तापते आणि फुफाटा जाळीतून थेट कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर, बसतो. बाजेवर किंवा फळीवर, कडुलिंबाच्या सावलीत ठेवा. जाळीच्या बाजूला वीतभर जागा मोकळी. सावली सरकते, हे दुपारी बारा वाजता लक्षात राहत नाही, म्हणून सकाळीच दोन वाजताची सावली कुठे पडेल ते पाहून जागा ठरवा. वाऱ्याच्या बाजूला, हात-दीड हात लांब, ओलं तरट टांगलंत तर फ्रिजकडे येणारी हवा बरीच गार होते. तेच तरट फ्रिजवर गुंडाळू मात्र नका. जाळी झाकली की कंप्रेसर तापून बंद पडतो आणि ओलावा सर्किटात जातो.

एकूण खर्च असा पडतो. फ्रिज ५५०. दिवे पाच-पाच वॅटचे तीन, पाच तास, म्हणजे ७५. मोबाइल ६०. पंख्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण एप्रिलची रात्र आहे, लागणारच: २० वॅटचे दोन डीसी पंखे आठ तास, ३२०. बेरीज हजाराच्या जरा वर, म्हणजे घरच्या मीटरचं एक युनिट.

तुमची १५० एएच बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास (१५० गुणिले १२ व्होल्ट). शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार नेली की आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून हातात ९००. रात्र निघते, पूर्ण दिवस निघत नाही. उरलेलं पॅनलनं भरायचं.

३३५ वॅटचं पॅनल ३३५ देत नाही. उन्हात त्याचे सेल ६५-७० अंशांवर जातात, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.४ टक्के घटतं. त्यात धूळ. भर दुपारी २५०-२६० वॅट दिसले तर समाधान माना. दिवसभरात १२०० वॅट-तास येतात. बॅटरीत भरताना काही वाया जातात, काही दिवसा फ्रिज थेट वापरतो. गणित जमतं, पण निघताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी.

पॅनल दक्षिणेला तिरपं लावण्याची एप्रिल-मे महिन्यांत गरज नाही. पैठण साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य तिथे दुपारी थेट डोक्यावर येतो. आडवं ठेवा, खाली चार विटा देऊन हवा खेळू द्या. डिसेंबरात गेलात तर चाळीस-पंचेचाळीस अंश कलवा. वावटळ मोकळं पॅनल उचलून फेकते आणि वळवाच्या पावसात गारा पडतात, म्हणून चारही कोपरे दोरीनं बांधून ठेवा. आभाळ काळवंडलं की पॅनल सोडवून, काच आतल्या बाजूला करून भिंतीला लावा. विजा चमकायला लागल्यावर मात्र पॅनलच्या नादी लागू नका.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटीच हवा, म्हणजे पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता करंटमध्ये बदलणारा. गच्चीचं ७२ सेलचं पॅनल ३६-३८ व्होल्टवर काम करतं. साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली ओढतो आणि करंट नऊ अँपिअरच्या आसपासच राहतो. हातात येतात जेमतेम ११५ वॅट. बाजारात ‘एमपीपीटी’ छापलेले बरेच स्वस्त डबे आतून पीडब्ल्यूएमच असतात. ओळखायची रीत सोपी: बॅटरी थोडी रिकामी असताना, चांगल्या उन्हात, पॅनलच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. ३० च्या वर दिसलं तर खरा. बॅटरीइतकंच, १३-१४ दिसलं तर दुकानदाराला परत करा. २० अँपिअरचा पुरतो. पॅनलकडून किमान ६० व्होल्ट झेपतील असा घ्या, कारण उघड्या टोकांवर हे पॅनल ४५ च्या पुढे जातं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल. पॅनलवर चादर टाकून मगच एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरींची जोडणी) ओढा. भर उन्हात, करंट चालू असताना ओढलात तर ठिणगी लांबते आणि कनेक्टर वितळतो.

फ्रिज चालवायला घरचा इन्व्हर्टर नेऊ नका. तो नुसता चालू राहायलाच १०-२० वॅट खातो, म्हणजे दिवसाला अडीचशे ते पावणेपाचशे वॅट-तास. जवळजवळ दुसरा फ्रिजच. १२ व्होल्टचा फ्रिज बॅटरीवरच थेट लावा.

थेट म्हणजे कसा, इथेच बहुतेकांची गाडी अडते. तक्रार नेहमी एकाच तऱ्हेची असते: बॅटरी भरलेली, तरी रात्री फ्रिज सुरू होतो, दोन-चार सेकंदांत बंद पडतो, मिनिटाभरानं पुन्हा तेच. लोक बॅटरीला दोष देतात. दोष वायरचा असतो. बॅटरी ते फ्रिज ५ मीटर अंतर असेल तर करंटला जाऊन-येऊन १० मीटर तांबं पार करावं लागतं. १.५ चौरस मिमीच्या वायरीत तेवढ्या लांबीचा रोध ०.१३ ओहम. फ्रिज ५ अँपिअर ओढताना ०.६५ व्होल्ट वायरीतच पडतात, सुरू होतानाच्या झटक्याला १० अँपिअर गेले तर १.३. पहाटे बॅटरी १२.२ वर असते, त्यामुळे फ्रिजला ११ च्याही खाली मिळतात आणि त्याचं बॅटरी-संरक्षण तोडतं. तोडलं की करंट शून्य, व्होल्टेज परत १२.२, म्हणून तो पुन्हा धडपडतो.

उपाय ४ चौरस मिमीची वायर: तेवढ्याच अंतराला पाव व्होल्ट पडतो. अंतर १० मीटर असेल तर ६ ची घ्या. सौर पंप बसवणारे वापरतात ती लाल-काळी ४ मिमीची डीसी केबल सोलरचं सामान विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते, ती उत्तम. वायरीची टोकं पिळून टेप गुंडाळू नका. लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबून बॅटरीच्या बोल्टवर नटनं आवळा, पांढरी भुकटी साचली असेल तर आधी घासून काढा, वर व्हॅसलिन. गाडीतला लायटर सॉकेट हा प्रकार फ्रिजला रात्रभर लावायचा नाही. त्याची स्प्रिंग सैल होते, संपर्क तापतो, प्लास्टिक मऊ पडतं. त्याऐवजी जास्त करंट झेपणारे, घट्ट बसणारे अँडरसन कनेक्टर लावा.

तपासायचं असेल तर कंप्रेसर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि फ्रिजच्या प्लगजवळ, दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा. फरक ०.४ पेक्षा जास्त आला तर वायर किंवा जोड बदला, बॅटरी नाही. फ्रिजच्या बॅटरी-संरक्षणाचे एच, एम, एल असे तीन टप्पे असतात. एच सगळ्यांत लवकर तोडतो, तो गाडीच्या बॅटरीसाठी, म्हणजे सकाळी स्टार्टर फिरेल. तुमच्या ट्यूब्युलरला एम. एलवर ठेवलंत तर फ्रिज बॅटरीला पार पिळून काढेल.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात, फ्रिजला १५ अँपिअर. तो फ्रिजसाठी नसून वायरीसाठी असतो. मध्येच कुणाचा पाय पडून वायर सोलली गेली, तर १५० एएचची बॅटरी शेकडो अँपिअर देते, आणि शेजारी कडब्याची गंज असते. फ्रिज कंट्रोलरच्या ‘लोड’ टोकांवर लावू नका. सुरुवातीच्या झटक्याला ती टोकं बंद पडतात. दिवे तिथे लावायला हरकत नाही.

दिव्यांचं फार नाही. पिवळसर प्रकाशाचे घ्या. पांढऱ्यावर किडे-पाखरांचा थवा येतो आणि भाजीत पडतो. चिकटपट्टीचे १२ व्होल्टचे एलईडी चार्जिंगच्या १४.४ व्होल्टवर तापून काळे पडतात, ते दिवसा बंद ठेवा. एक दिवा चुलीपाशी, एक बाजेपाशी, तिसरा पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर खाली तोंड करून. उन्हाळ्यात विंचू आणि साप रात्रीच फिरतात. फुगवट्याकडे झोत टाकू नका, तो भाग पक्षी अभयारण्य आहे.

शेजारच्या रानात सौर पंपाची पॅनलं दिसतील आणि कुणीतरी म्हणेल, तिथूनच एक वायर ओढू. अजिबात नको. ती पॅनलं मालिकेत जोडलेली असतात, टोकांवर ३०० व्होल्टच्या पुढे डीसी असू शकतं. त्याचा धक्का बसला तर माणूस वाचेलच असं नाही, आणि सरकारी योजनेतला पंप असेल तर शेतकऱ्याला नसता ताप.

येता-जाता गाडीतली जागा: बॅटरी पन्नास-साठ किलोची, तिच्यात आम्ल आहे. उभीच, दोरीनं बांधून, खाली प्लास्टिकची घमेली. काचा थोड्या उघड्या. घरी मागे कुणी राहणार असेल तर त्यांना आधी विचारा, कारण तीन दिवस इन्व्हर्टर मुका.

तिथे पोहोचल्यावर दुपारी कंट्रोलरनं बॅटरी भरल्याचं दाखवलं की फ्रिज २ अंशांवर करा, एरवी वाया जाणारी वीज गारव्यात साठते. सूर्य कलला की पुन्हा ५. सकाळी सहाला, फ्रिज आणि पंखे दहा मिनिटं बंद ठेवून, बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.२ किंवा वर असेल तर गाडी रुळावर. १२.० च्या खाली गेलं तर पुढच्या रात्री आधी एक पंखा कमी करा, मग दुसरा, फ्रिज शेवटी. ढगाळ दिवस निघाला तर पैठणहून बर्फ आणून फ्रिजमध्ये भरा, रात्रीपुरता तो बंद ठेवला तरी चालतं.

परत आल्यावर बॅटरी त्याच दिवशी इन्व्हर्टरला जोडा. अर्धी रिकामी आठवडाभर पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. डिस्टिल्ड पाणी आधी घालू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर पातळी पाहून मगच, नाहीतर चार्ज होताना आम्ल उतू जातं.