क्वारंटाईन टँकमध्ये खाणं किती घालायचं आणि पाणी कधी बदलायचं

आधी निम्मं पाणी बदला आणि मग हे वाचायला बसा. तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं, की ४० लिटरचा रिकाम्या तळाचा क्वारंटाईन टँक (नवीन मासे मेन टँकमध्ये सोडण्याआधी काही आठवडे वेगळे ठेवायचा), त्यात नवीन आणलेले चार छोटे एंजल मासे, स्पंज फिल्टर नवा कोरा, आज चौथा दिवस, पाणी दुधाळ झालंय, अमोनिया (माशांच्या अंगातून आणि कुजणाऱ्या खाण्यातून पाण्यात येणारं विष) १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम), पीएच ७.८, तापमान २७ डिग्री, आणि एक एंजल खाणं तोंडात घेतो आणि परत थुंकतो. एकाने सांगितलं खाणं पूर्ण बंद करा, दुसऱ्याने सांगितलं लगेच अँटिबायोटिक टाका. औषध आत्ता अजिबात टाकू नका. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत, म्हणजे पंख मिटून कोपऱ्यात उभं राहणं, कल्ले भराभर हलणं, खाणं थुंकणं, ती सगळी एकट्या अमोनियाने होऊ शकतात. खराब पाण्यात औषध टाकलं तर मासा दोन्हीकडून मार खातो, आणि नंतर नक्की कशाने काय झालं तेही कळत नाही.

१ पीपीएम ऐकायला फार वाटत नाही पण तुमचा पीएच बघा. पाणी तपासायच्या किटवर दिसतो तो एकूण अमोनिया, त्यातला थोडाच भाग खरा विषारी असतो आणि तो भाग किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. ७.८ पीएच आणि २७ डिग्रीला तो साधारण ४ टक्के, म्हणजे तुमच्याकडे आत्ता ०.०४ पीपीएम विषारी अमोनिया आहे. सततसाठी ०.०२ च्या वर जाऊ देऊ नये असं धरतात, तुम्ही त्याच्या दुप्पट आहात. हाच १ पीपीएम ६.८ पीएचला असता तर विषारी भाग जवळपास दहा पटीने कमी असता. म्हणून कोणी म्हणालं की माझ्याकडे १ पीपीएमला मासे मस्त होते तर आधी त्यांचा पीएच विचारा.

आता मुख्य गोष्ट, ती नीट समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप जमेल. नवीन स्पंजवर अमोनिया खाणारे बॅक्टेरिया बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि क्वारंटाईनही तेवढंच असतं, म्हणजे फिल्टर तयार होईल तेव्हा तुमचे मासे मेन टँकमध्ये जायला निघालेले असतील. तोपर्यंत फिल्टरच्या भरवशावर राहता येत नाही, हातात दोनच गोष्टी आहेत, आत किती खाणं जातंय आणि बाहेर किती पाणी काढताय. यातलं खाणं जास्त महत्त्वाचं आहे असं मी ठामपणे सांगतो, आणि का ते आकड्यात दाखवतो.

४० टक्के प्रोटीनवालं १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं की त्यातून साधारण ३५ मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो, बहुतेक कल्ल्यातूनच, विष्ठा लगेच उचलली तरी हा येणारच. ४० लिटरमध्ये ३५ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास ०.९ पीपीएम. आणि १ ग्रॅम बारीक पेलेट म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही! चिमटी चिमटी करत दिवसातून तीनदा घातलं की सहज तेवढं होतं.

मग लोक म्हणतात रोज निम्मं पाणी बदलतो ना. बदला, पण हिशोब बघा. समजा रोज ०.५ पीपीएम तयार होतोय आणि तुम्ही रोज निम्मं पाणी बदलताय, तर काही दिवसांनी आकडा असा स्थिरावतो की बदलायच्या आधी १ आणि बदलल्यावर ०.५, आणि तिथेच अडकून राहतो, शून्यावर कधीच येत नाही. पाणी बदलून तुम्ही फक्त अर्धं काढता, उरलेल्या अर्ध्यावर उद्याचं चढतं. खाणं निम्मं केलं तर हे दोन्ही आकडे निम्मे होतात, कसलीही बादली न उचलता.

तर घालायचं किती. तुमचे एंजल एकेक ३ ग्रॅमचे धरू, चौघे मिळून १२ ग्रॅम. वजनाच्या १ टक्का खाणं रोज दिलं तर मासा तब्येत टिकवून राहतो, वाढ फार होणार नाही पण या चार आठवड्यांत वाढ हवीय कोणाला. म्हणजे दिवसाला ०.१२ ग्रॅम, त्यातून ०.१ पीपीएमच्या आसपास अमोनिया, रोज निम्मं पाणी बदललं तर जास्तीत जास्त ०.२ च्या थोडं वर. एवढ्यावर ७.८ पीएचलाही चालतं. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा असेल तर आठवड्याचं खाणं एकदम तोलून सात पुड्या करून ठेवा, घरातलं कोणीही घालो, त्या दिवशीची पुडी संपली की खाणं संपलं.

आज आणि उद्या काहीच घालू नका. मोठ्या झालेल्या, अंगात मांस असलेल्या माशाला दोन तीन दिवस उपास झाला तर काही होत नाही. पण आठवडाभर बंद ठेवा वगैरे सल्ला मला पटत नाही, दुकानातून आलेले मासे बऱ्याचदा आधीच अर्धपोटी असतात. माशाला वरून बघा, डोक्याच्या मागे पाठीवरचं मांस बसलेलं दिसतंय का, पोट आत गेलंय का, तसं असेल तर एक दिवसाचा खाडा पुरे, आणि मग अगदी थोडं पण दिवसातून तीन वेळा. अगदी पिल्लं असतील तर त्यांना उपास नकोच.

थुंकणाऱ्याबद्दल. अमोनिया खाली आल्यावर बऱ्याचदा हे आपोआप थांबतं म्हणून आधी दोन दिवस पाणी सांभाळा. नाहीच थांबलं तर पेलेट मोठी किंवा कडक आहे का बघा, आणि त्याला पेलेट हे खाणं आहे हेच माहीत नसेल असंही असतं. फ्रोझन अर्टेमिया किंवा डाफ्निया (माशांना खायला घालायचे पाण्यातले बारीक जीव) गार पाण्यात विरघळवून गाळणीतून गाळून घ्या, ते लाल तपकिरी पाणी टँकमध्ये अजिबात ओतू नका, त्यात पोषण कमी आणि घाण जास्त. लाईट मंद करा, एका वेळी दोन चार कणच सोडा आणि लांब जाऊन उभे राहा, काचेला नाक लावून बसलात तर घाबरलेला मासा खाणार नाही. पाच मिनिटांनी जे तळाशी पडलंय ते एअर पंपाच्या बारीक नळीने सायफन करून काढायचं, उद्या काढू म्हणायचं नाही. तळ रिकामा ठेवलात हे फार चांगलं केलंत, आता खडे घालू नका, लपायला पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे टाका.

एकदा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली म्हणून लगेच पोटातले जंत ठरवू नका, उपाशी माशाचीही तशी असते. खायला लागल्यावरही तशीच राहिली आणि मासा खाऊनही वाळत गेला तर मग जंतांच्या औषधाचा विचार करू, आणि तेव्हा मासा खात असेल तर औषध खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं आणि पाणीही वाचतं. खाणं चालू करणं एवढं महत्त्वाचं आहे ते याच्यासाठीही.

दुधाळपणा म्हणजे उरलेल्या खाण्यावर वाढलेले दुसरेच बॅक्टेरिया. ते ऑक्सिजन ओढतात म्हणून एक जास्तीचा एअर स्टोन लावा, रात्री बंद करू नका. खाणं कमी झालं की दोन चार दिवसांत ते पाणी स्वच्छ होतं, पाणी साफ करणारं केमिकल लागत नाही. स्पंज मात्र धुऊ नका.

तुमचा मेन टँक जुना आहे असं लिहिलंय, मग त्याच्या फिल्टरमधला मीडियाचा (ज्यावर बॅक्टेरिया बसलेले असतात त्या स्पंज वगैरेचा) एक तुकडा आजच इकडे आणा, निम्मं काम तिथेच होईल. रस्ता मात्र एकेरी, तिकडून इकडे चालेल, इकडून तिकडे काहीच नाही, जाळी, नळी, बादली सगळं वेगळं, आणि हात कोपरापर्यंत धुऊन. पुढच्या वेळेसाठी एक जादा स्पंज कायम मेन टँकच्या फिल्टरमध्ये पडू द्या.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर साधं अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) पुरतं, पण क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनिया जोडलेलं) असेल तर त्यातलं क्लोरीन गेल्यावर अमोनिया मागे उरतो, म्हणजे पाणी बदलूनच तुम्ही अमोनिया घालता. म्हणून एकदा नळाचं पाणी अँटीक्लोरीन टाकून नुसतं टेस्ट करून बघा. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर वापरलंत तर किट तरीही आकडा दाखवत राहील, त्याने घाबरू नका. नवीन पाण्याचं तापमान जुळवून घ्या. पीएचही बघा, कारण टँकचा पीएच घसरून ६.५ वर आला असेल आणि त्यावर तुम्ही एकदम ८ चं पाणी ओतलं तर निरुपद्रवी पडून राहिलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. मासे ज्या पिशवीतून येतात ती उघडल्यावरही हेच होतं, आतला कार्बन डायऑक्साईड उडून पीएच चढतो, म्हणून लांबून आलेल्या माशांना पिशवीच्या पाण्यात तास तासभर थेंब थेंब पाणी देत बसणं मला धोक्याचं वाटतं.

दोनेक आठवड्यांनी नायट्राईट, म्हणजे बॅक्टेरियांनी अमोनियापासून बनवलेलं दुसरं विष, दिसायला लागेल. तेव्हा लिटरला अर्धा ते एक ग्रॅम साधं मीठ टाका, त्यातलं क्लोराईड नायट्राईटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदललं की जेवढं काढलं तेवढ्याचंच परत टाकायचं. २० लिटर बदललं तर २० लिटरचंच. लेबलवर वेगळं सांगितलं नसेल तर औषधालाही हाच नियम, आणि औषध चालू असताना फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. काही अँटिबायोटिक आणि मिथिलीन ब्लू फिल्टरच्या बॅक्टेरियालाही मारतात, म्हणजे औषधाच्या दिवसांत खाणं अजून कमी आणि टेस्ट रोज.

उद्या पाणी बदलायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही अमोनियाचे आकडे, नळाच्या पाण्याचा आकडा, आणि त्या थुंकणाऱ्या एंजलचा एक बाजूने आणि एक वरून काढलेला फोटो पाठवा. परवा पहिलं खाणं घालाल तेव्हा कोणी खाल्लं आणि कोणी नाही तेही लिहा. कल्ले तसेच भराभर चालत राहिले आणि अमोनिया ०.२५ च्या खाली आलेला असेल, तर मग कल्ल्यांवरच्या परजीवींकडे बघावं लागेल.