ट्रकच्या लघुप्रतिकृती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षे मालवाहतुकीच्या ट्रकवर चालक होते. त्यांच्या टाटा १६१३ ची १:२४ प्रमाणातील प्रतिकृती करून त्यांना भेट द्यावी, अशी माझी इच्छा आहे. परंतु या ट्रकचा जोडसंच मला कोठेही मिळाला नाही. बाजारात मिळणाऱ्या युरोपीय ट्रकच्या संचातून हे काम साधेल का? (परळ)

उत्तर : साधेल. मात्र विकत घेतलेल्या संचाकडे तयार ट्रक म्हणून न पाहता चाके, ॲक्सल, पाटे (भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि डिफरन्शियल (मागील चाकांना गती देणारी दातेरी पेटी) यांचा साठा म्हणून पाहावे लागेल. इटालेरी या इटालियन कंपनीचे १:२४ प्रमाणातील संच या कामी उपयोगी पडतात. त्यांतील बहुतेक ट्रक ट्रेलर ओढणारे असल्यामुळे त्यांच्या पुढील व मागील ॲक्सलमधील अंतर कमी, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३.६ ते ३.८ मीटर असते. १६१३ च्या एका प्रचलित रूपात हे अंतर ४२२५ मिमी आहे. त्याला २४ ने भागल्यास १७६ मिमी येतात. म्हणजे संचातील चॅसी (ट्रकचा खालचा सांगाडा) मधोमध कापून तीत सुमारे दोन-अडीच सेंटीमीटरची भर घालावी लागेल. ही भर प्लॅस्टिकच्या चॅनेलपट्टीने घालावी आणि सांधा आतील बाजूने दुसरी पट्टी लावून मजबूत करावा. चॅसी सपाट काचेवर ठेवून चारही टोके टेकतात की नाही हे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये, कारण येथे राहिलेला अर्ध्या मिलिमीटरचा पीळ शेवटी एक चाक अधांतरी ठेवतो आणि तेव्हा तो दुरुस्त करता येत नाही.

टायरचा बाहेरचा व्यास फारसा अडचणीचा नाही. आपल्याकडील १०.००-२० आकाराचा टायर सुमारे १०५० मिमी उंच असतो, म्हणजे प्रतिकृतीत ४४ मिमी. युरोपीय संचातील टायर जवळपास तेवढाच असतो, फक्त थोडा रुंद. खरा फरक रिंगमध्ये आहे. युरोपीय ट्रकची रिंग २२.५ इंची आणि ट्यूबविरहित असते, तर आपली जुनी रिंग २० इंची असून तिच्या कडेला टायर अडवून धरणारी लोखंडी लॉक रिंग दिसते. संचातील रिंगच्या कडेवर बारीक तारेचे वेटोळे चिकटवून ही लॉक रिंग दाखवावी. ज्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, त्यांची नजर प्रथम चाकावरच जाते.

केबिन मात्र पूर्णपणे स्वतः बनवावी लागेल आणि ते वाटते तितके अवघड नाही. आपल्याकडे अनेक ट्रक कारखान्यातून चॅसी आणि पुढील काउल (काचेखालचा दर्शनी भाग) एवढ्याच स्वरूपात बाहेर पडत आणि केबिन व हौदा (माल ठेवायचा भाग) स्थानिक कारागीर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून तयार करत. त्यामुळे या केबिनमध्ये सरळ रेषा व सपाट पृष्ठभाग अधिक असतात. येथे एका गणिताकडे लक्ष द्यावे. १ मिमी जाडीची प्लॅस्टिकची शीट १:२४ प्रमाणात २४ मिमी जाड होते. हौद्याच्या फळ्या आणि फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजू) यांना ही जाडी तंतोतंत शोभते, कारण खरी फळीही साधारण इंचभर जाड असते. पण मडगार्डच्या पत्र्यासाठी तीच शीट वापरल्यास तो पत्रा लादीसारखा दिसू लागतो. म्हणून पत्र्याच्या भागांसाठी शीतपेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियम कापून वापरावे. ते सुमारे ०.१ मिमी जाड असते आणि दिसण्यात पत्राच वाटते. ताडपत्रीसाठी खरे कापड घेऊ नये, कारण त्याची वीण या प्रमाणात फार जाड दिसते. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर मालावर पसरला की त्याला नेमक्या चुण्या पडतात. दोरखंडासाठी सुती दोरा मेणातून ओढून घ्यावा, म्हणजे त्याचे केस बसतात.

ट्रक भरलेला दाखवायचा की रिकामा, हे मागील पाटे चिकटवण्यापूर्वीच ठरवावे. रिकाम्या ट्रकच्या पाट्यांना स्पष्ट कमान असते आणि मागची बाजू उंच राहते. भरलेल्या ट्रकचे पाटे जवळजवळ सपाट होतात. हौद्यात पोत्यांची थप्पी आणि खाली कमानदार पाटे अशी विसंगती मी प्रदर्शनांत पुष्कळदा पाहिली आहे, आणि इतर काम कितीही नेटके असले तरी ती मला खटकते.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमध्ये किंवा कळंबोलीला जाऊन चालकाच्या परवानगीने एखादा ट्रक टेपने मोजावा व खालून छायाचित्रे घ्यावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वडिलांकडून त्यांच्याच ट्रकची माहिती टिपून घ्यावी : स्टेपनी कोठे टांगलेली असे, काचेवर कोणत्या देवाची तसबीर होती, फाळक्यावर काय लिहिले होते. कारागिरांनी बांधलेले दोन ट्रक कधीच एकसारखे नसत, त्यामुळे ही माहिती कोणत्याही संचात मिळणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर बंदी घातली. आपला ट्रक त्याआधीचा असल्यास ती अक्षरे अवश्य घालावीत. नंबरपाटी पिवळी व अक्षरे काळी असावीत. घरगुती इंकजेट प्रिंटर पांढरा रंग छापू शकत नाही, म्हणून पाटीसाठी पारदर्शक नव्हे, तर पांढऱ्या पायाचा डीकल कागद (छापून, पाण्यात भिजवून चिकटवायचा कागद) घ्यावा आणि पाण्यात बुडवण्यापूर्वी त्यावर वार्निशचा हात द्यावा, नाहीतर शाई वाहून जाते.

प्रश्न : जुलै महिन्यात केबिनला स्प्रेने चकचकीत लाल लॅकर दिला. अर्ध्या तासात त्यावर दुधासारखी साय आली. रंग खराब होता का? (मुलुंड)

उत्तर : दोष बहुधा रंगाचा नसून हवेचा आहे. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे तो क्षणभर आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. मुंबईत पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि त्या थंड पृष्ठभागावर बाष्पाचे सूक्ष्म थेंब जमून ते सुकणाऱ्या थरात अडकतात. साय दिसते ती हीच. रंग खरवडण्याची घाई करू नये. कोरड्या दिवशी सावकाश उडणारे थिनर, ज्याला रिटार्डर म्हणतात, त्याचा अगदी हलका फवारा दिल्यास वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि बहुतेक वेळा चकाकी परत येते. एअरब्रश (दाबलेल्या हवेने रंग फवारणारे उपकरण) वापरत असल्यास कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा हवाच, कारण हवा दाबली जाऊन पुन्हा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व ते रंगाबरोबर बाहेर फेकले जाते.

माझ्या मते जून ते सप्टेंबर या काळात चॅसी जोडणे, घासणे, फळ्या कापणे अशी कामे उरकावीत आणि चकचकीत रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावा. थांबणे शक्यच नसेल, तर पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत. ते सुकायला वेळ घेतात, पण त्यांवर अशी साय सहसा येत नाही. रंगवलेला भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. खोली लहान असेल तर खिडकी उघडी ठेवणे व द्रावकाच्या वाफांसाठी योग्य मास्क लावणे हे नियम पावसातही शिथिल करू नयेत.

प्रश्न : मामांनी परदेशातून आणलेला १:२५ चा अमेरिकन ट्रक मी लहानपणी जोडला होता. परवा कपाटातून काढला, तर टायर रिंगमध्ये वितळून रुतलेले दिसले. हे उष्णतेमुळे झाले का? (गिरगाव)

उत्तर : उष्णतेने हे घडत नाही, फक्त त्याचा वेग वाढतो. जुन्या संचांतील काळे टायर रबराचे नसून मऊ व्हिनाइलचे असत. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे पाझरत राहते, आणि ज्या पॉलिस्टायरीनची रिंग बनलेली असते त्याला ते हळूहळू विरघळवते. रुतलेला टायर ओढून काढू नये. तो ब्लेडने आडवा चिरून तुकड्यातुकड्याने सोडवावा. रिंगवरील खळगे पुटीने भरून घासता येतात. नवा टायर चढवण्यापूर्वी मात्र रिंगवर प्लंबर वापरतात त्या टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे द्यावेत, म्हणजे दोन्ही प्लॅस्टिकांचा परस्परांशी संपर्कच येत नाही. आपल्या कपाटातील इतर जुने ट्रकही या निमित्ताने तपासून घ्यावेत.

प्रश्न : ट्रक मळलेला दाखवताना नेमके किती मळवावे? (ठाणे)

उत्तर : तो ट्रक काय वाहतो आणि कोठे जातो, यावर ते ठरते. न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनर वाहणारा ट्रक आणि कोकणातून जांभा आणणारा ट्रक यांचा मळ सारखा नसतो : पहिल्यावर तेलकट काळी धूळ, सायलेन्सरमागे काजळी आणि खाऱ्या हवेमुळे पत्र्याच्या खालच्या कडांना गंज असतो, दुसऱ्याच्या चाकांत, पाट्यांत व मड फ्लॅपवर तांबडी माती बसलेली असते. तपकिरी व काळे तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून ते सांध्यांत उतरू द्यावेत आणि उभ्या पत्र्यावरील ओघळ नेहमी वरून खाली पुसावेत, कारण पावसाचे पाणी तसेच वाहते. पुढील काचेवर वायपरचे दोन स्वच्छ अर्धगोल सोडावेत. दाराची मूठ, पायरी आणि स्टीअरिंग यांवर मात्र धूळ चढवू नये. तेथे रोज हात-पाय लागतात, म्हणून ते भाग झिजून चकाकलेले दाखवावेत.