‘इंजिन जाम’ म्हणण्याआधी पाना लावा

प्रश्न : माझी १९९८ची मारुती ८०० लॉकडाउनपासून कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. नवी बॅटरी बसवली. चावी फिरवली की एकदाच ‘टक्’ होतं, पुढे काही नाही. गाडी ढकलली तर हलतही नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडून सांगितलं, ‘इंजिन जाम, भंगारात द्या.’ खरंच तसं असेल का?

उत्तर : असू शकेल, पण नुसत्या बॉनेट उघडण्यावरून ते कळत नाही. आधी ढकलण्याचं बघू. गिअर न्यूट्रलला असूनही गाडी हलत नसेल, तर त्यात इंजिनचा काही दोष नाही. हँडब्रेक ओढून वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात. एकाच घरात दोन भांडणं असावीत तसं हे आहे. ती वेगळी सोडवायची.

आता ‘टक्’. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे होते तसेच राहिले, तर स्टार्टरच्या मोटरपर्यंत करंटच पोचत नाही. सोलेनॉइड (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच), वायरी आणि अर्थिंग बघा. जुन्या गाडीत अर्थिंगची पट्टी गंजलेली सर्रास सापडते. दिवे एकदम मंदावले, तर मोटर जोर लावते आहे पण फिरत नाही. मग बॅटरी खरोखर चार्ज आहे ना, हे तपासून एकदा स्टार्टर काढून बाहेर फिरवून बघायचा. तो बाहेर नीट फिरला, तर संशय इंजिनवर.

तिथेही घाई नको. तिन्ही प्लग काढा, बेल्ट सैल करून उतरवा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्रँक पुलीच्या, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनच्या चाकाच्या, बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा. बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच फिरवायचं, उलट फिरवलं तर बोल्टच सुटतो. प्लग काढल्यामुळे कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा, विरोध नसतो, त्यामुळे चांगलं इंजिन एका हाताने फिरतं. पूर्ण दोन फेरे झाले, तर इंजिन जाम नाही. बेल्ट परत चढवल्यावर अडलं, तर आल्टरनेटर किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग धरलं आहे. थोडं फिरून दरवेळी एकाच जागी ‘ठक्’ करून अडत असेल, तर आत काहीतरी लोखंडाला लोखंड लागतंय : व्हॉल्व्ह, तुटलेला तुकडा, कधी प्लगच्या भोकातून पडलेला नट. तिथे जोर लावायचा नाही, हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढायचं. आणि कणभरही हललं नाही, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटल्या आहेत.

अशा गाडीला वेळ द्यावा लागतो. प्रत्येक प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता, चार-पाच दिवस मुरू द्या, रोज पाना लावून अलगद दाब द्या. एकदा केसभर हललं की पुढे-मागे करत सोडवायचं. मागे नेताना बोल्ट सैल झाला तर पुन्हा आवळून घ्या. दांड्याला पाइप लावून लटकणाऱ्या माणसाला मात्र आवरा. सुटल्यावर जुनं ऑइल काढा, कारण ओतलेलं डिझेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते ऑइल हातावर घेऊन बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलं आहे. त्यात चकाकणारी बारीक कणी असेल तर बेअरिंग गेलं, आणि मग खर्चाचा हिशेब वेगळा.

प्रश्न : वडिलांची टू-स्ट्रोक बजाज चेतक आहे. किक अर्ध्यावर अडकते. गॅरेजवाला बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायला सांगतोय.

उत्तर : पंख्याचं कव्हर काढा, गाडी न्यूट्रलला आणा आणि पंख्याचं चाक हाताने फिरवा. ते फिरलं तर पिस्टन मोकळा आहे. अडचण किकच्या दातेरी भागात किंवा क्लचमध्ये आहे, आणि बोअरचे पैसे वाचले. नाहीच फिरलं तर हेड काढून सिलिंडर बघा. दोन टक्के ऑइल, म्हणजे लिटरमागे २० मिली, हे प्रमाण चुकलं की पिस्टन धरतो. सिलिंडरवर उभे ओरखडे नखाला लागत असतील, तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालावाच लागेल. लेथवाल्याकडे जाताना नवा पिस्टन सोबत न्या. बोअर पिस्टनच्या मापाने होतो, पिस्टन बोअरच्या मापाने शोधायचा नसतो. सामान नाना पेठेत मिळतं. जुन्या बाजारातला पिस्टन स्वस्त दिसला तरी मायक्रोमीटरने माप घेतल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : साताऱ्याहून येताना खंबाटकी घाटात काटा लालवर गेला आणि गाडी बंद पडली. स्टार्टर फिरेना. तासाभराने चालू झाली, पुण्यापर्यंत आली. आता चालवू का?

उत्तर : नको. तापल्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो, थंड झाल्यावर सुटतो. पण सुटताना ओरखडे ठेवून जातो. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं मोजून घ्या. एखाद्याचं कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर दोष रिंगा-बोअरचा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटचा (हेडखालच्या सीलचा). हेड वाकलं आहे का, हेही सरळ पट्टी लावून बघावं लागतं. आणि रेडिएटरमधलं पाणी कुठे गेलं ते शोधा, नाहीतर नव्या गॅसकेटचंही तेच होईल.

प्रश्न : सिंहगड रोडला राहतो. जुलै २०२४मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा शेजाऱ्यांनी बुडालेली कार दुसऱ्या दिवशी स्टार्ट केली आणि इंजिन गेलं. पुन्हा तशी वेळ आली तर काय करावं?

उत्तर : चावीला हात लावू नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर ओला असेल तर प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, मग ऑइल बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. हे आठवडाभर लांबवलं तर पहिल्या प्रश्नातल्या गंजापाशी याल. डिझेल गाडी असेल तर इंजेक्टर काढावे लागतात, ते गॅरेजमध्येच.

प्रश्न : प्लगच्या भोकात कोल्ड्रिंक ओतलं तर गंज सुटतो का?

उत्तर : साखर, पाणी आणि आम्ल. प्या.

प्रश्न : बोअर करण्यापेक्षा भंगारातलं आख्खं इंजिन बसवणं स्वस्त पडतंय. चालेल का?

उत्तर : यांत्रिक बाजूने चालेल, विकणाऱ्याच्या समोरच हाताने फिरवून आणि कॉम्प्रेशन मोजून घेतलंत तर. पण इंजिनचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि आरसी बुकातही असतो. त्यामुळे आधी आरटीओची परवानगी काढा, विकणाऱ्याकडून कागद घ्या, आणि बदललेला नंबर आरसीवर चढवून घ्या. पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायला जाल, तेव्हा तपासणीत नंबर बघतात.