मुलगा मुलींबद्दल घाण बोलणारे रील बघतो, शाळेला सांगू का?

सांगा. पण शाळेच्या भरवशावर राहू नका.

मुलगा आठवीत आहे आणि ‘आमच्या घरी असं कुणी बोलत नाही’, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी वर्गशिक्षिका बाईंसमोर मीही हेच म्हणालो होतो, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

माझा मुलगा तेव्हा नववीत. स्नेहसंमेलनाचे फोटो आले आणि मुलांच्या ग्रुपवर वर्गातल्या मुलींना दहापैकी मार्क देणं सुरू झालं. सुरुवात माझ्याच मुलाने केली होती. एकीला शून्य देऊन खाली जे लिहिलं ते इथे लिहिणार नाही. ती आठ दिवस शाळेत आली नाही. २०२० मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांचा, मुलींचे फोटो टाकून घाण बोलणारा ‘बॉइज लॉकर रूम’ ग्रुप उघडकीला आला, तेव्हा ‘बड्या बापांची पोरं’ म्हणून मी पेपर मिटला होता.

शाळेने मुलींना हॉलमध्ये बसवून सांगितलं, फोटो टाकू नका. मुलांकडून ग्रुप डिलीट करून घेतला, बस्स. ‘वय आहे, विषय वाढवू नका,’ मुख्याध्यापक मला म्हणाले. दोषी मुलाचा बाप मी, तरी मला ते सहन झालं नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, मोबाइल काढून घे आणि दोन ठेवून दे. मी तसं केलं नाही. आठवडाभर रोज रात्री मुलाच्या शेजारी बसून त्याचे रील बघितले. तो शोधायचा व्यायामाचे व्हिडिओ. त्यामागोमाग यायचे बायकांना कमी लेखणाऱ्या अँड्र्यू टेट या इन्फ्लुएन्सरचे तुकडे, ‘सिग्मा’ म्हणजे कुणाची पर्वा न करणारा ‘खरा पुरुष’, ‘मुली फक्त पैसा बघतात’. मी विचारलं, तुला हे खरं वाटतं? म्हणाला, “काका पण फॅमिली ग्रुपवर तेच टाकतात ना? तुम्ही हसता.”

खरं होतं. रोज सकाळी बायकोवर एक विनोद आणि खाली माझा हसरा इमोजी. माझी बायको त्याच ग्रुपवर आहे. तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं, दादा, हे बंद कर. ‘तुला विनोद कळत नाही,’ असं उत्तर आलं. तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. दादा, हे वाचत असशील तर आजही सांगतो, कानाखाली मारायचीच होती तर आधी आपल्या दोघांच्या मारायला हवी होती.

माफी मागायला आम्ही थेट त्या मुलीच्या घरी गेलो नाही. बाईंमार्फत विचारलं, तिच्या घरच्यांनी नको म्हटलं. मुलाने पत्र लिहून बाईंकडे दिलं. पुढे काय करायचं ते तिच्या घरच्यांनी ठरवायचं.

शाळेत गेलात की सखी सावित्री समितीबद्दल, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेतल्या समितीबद्दल विचारा. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असायला हवी. सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, लेखी मागा. आणि मुलांच्या पालकांना बोलवायला लावा, नुसत्या मुलींच्या नाही.

एक राहिलं. मोबाइल काढून घेऊच नये असं मी म्हणत नाही, रात्री आमच्याकडेही तो हॉलमध्येच असतो. आणि प्रकरण कुणाच्या नग्न किंवा तशा बनवलेल्या फोटोपर्यंत गेलं असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका, तोही गुन्हा ठरू शकतो. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, पोलिसांकडे जा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे, मुख्याध्यापकांसाठीसुद्धा.