मेटल डिटेक्टरने सापडलेलं नाणं वाटलं त्यापेक्षा फारच जुनं असेल, तर ते कसं ओळखायचं?

आधी एक सांगा, नाण्याला चिंच लावलीत का? लावली असेल तर विषय संपला.

मी इंग्लंडात केंटमध्ये राहतो. शेतमालकाला विचारून, गहू निघालेल्या रानात डिटेक्टर फिरवायचा हा माझा सहा वर्षांचा नाद. बहुतेक वेळा हाती लागतात कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची पितळी बुडं आणि गुंड्या. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात वीतभर खोलवरून एक काळपट हिरवी चकती निघाली. गुंडीच समजून खिशात टाकली आणि विसरलो. पँट धुवायला टाकताना आठवली, नाहीतर गेलीच होती मशीनमध्ये.

भिंगाखाली धरली आणि कडेशी नजर अडकली. समोरासमोर दोन ठिकाणी मोडल्यासारखे खुंट होते. ठशाने ठोकून पाडलेल्या नाण्याला सहसा असे खुंट राहत नाहीत. साच्यात एका माळेत ओतलेली नाणी तोडून सुटी केली की राहतात. एका बाजूला नुसत्या रेघांचं डोकं, दुसरीकडे रेघांचाच बैल, पोळ्याला लहान पोराने पाटीवर काढावा तसा. वजन दीड ग्रॅमच्या जवळपास. हे पोटीन, म्हणजे तांब्यात भरपूर कथील घालून ओतलेलं, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातलं, रोमनांनी ब्रिटन जिंकण्याच्याही आधीचं. मूळ नाणं मासालियाचं, म्हणजे आजच्या मार्सेचं. त्यावर ग्रीक देव अपोलो आणि बैल. नकलेची नक्कल होत होत अपोलोच्या रेघा झाल्या.

पोटीन म्हटलं की मला मात्र मामा आठवतात. १९८८ साली पैठणजवळच्या त्यांच्या शेतात नांगरटीला एक नाणं वर आलं. सोंड वर केलेला हत्ती, मागे चार गोलांचं उज्जैन चिन्ह, कडेने अक्षरं. सातवाहनांचं पोटीन, हे आज कळतं. मामांनी चिंच-मीठ लावून नारळाच्या शेंडीने तासभर घासलं. नाणं बंबासारखं लखलखलं. हत्ती गेला, अक्षरंही गेली. विदर्भातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये पोटीन नाण्यांचा साठा सापडला, त्यात पुराणांना माहीत नसलेल्या सातवाहन राजांची नावं मिळाली, ती अशाच कडेच्या ब्राह्मी अक्षरांत. आमच्या नाण्यावर कोण होतं ते त्या चिंचेला ठाऊक. मामा अजून म्हणतात, "ढब्बू पैसा होता रे तो, काय घेऊन बसलास!" मामा, सोंड उचललेला ढब्बू पैसा मला एकदा दाखवाच.

तर तुमचा प्रश्न. चेहरा आणि चमक सोडा. कड बघा, वजन करा, ओतीव आहे की ठोकीव ते ठरवा. माती निघत नसेल तर साधं शुद्ध पाणी, बस्स. साल दिसत नाही म्हणजे प्राचीन, असंही नाही. झिजलेली शिवराई दर दुसरा माणूस सातवाहनांची म्हणून दाखवतो. आणि ओतीव दिसलं म्हणून लगेच नाचू नका, बाजारातली बरीच नकली नाणीही ओतलेलीच असतात. माझ्या नाण्याची ओळख शेवटी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, इथल्या अधिकाऱ्यांनीच पक्की केली. असं सुटं एक नाणं इथल्या १९९६ च्या ट्रेझर (गुप्तधन) कायद्यात सहसा बसत नाही, तरी नोंद करून घेतली.

तुम्ही कुठून विचारताय ते लिहिलेलं नाही. भारतात असाल तर संरक्षित स्मारकाच्या आसपास डिटेक्टर घेऊन फिरकूसुद्धा नका. शिवाय १८७८ चा कायदा आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मामांनी तेही केलं नव्हतं, पण तो वाद वेगळा.