‘घटस्फोटामुळे मुले मागे पडतात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे विधान निबंधात घ्यावे का?

कुटुंब कायद्यावरील निबंधासाठी वाचन करताना दोन विधाने तुम्हाला वारंवार आढळली, असे तुम्ही लिहिले आहे. घटस्फोटित पालकांची मुले मागे पडतात हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, हे पहिले. आणि घटस्फोटानंतर स्त्रीचे राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरते, हे दुसरे. ही दोन्ही निबंधात घ्यावीत का, असा तुमचा प्रश्न आहे. दुसरे विधान अजिबात घेऊ नका. पहिले आहे त्या शब्दांत घेऊ नका. त्यांपैकी दुसऱ्याची हकिकत आधी सांगते, कारण या विषयातले संशोधन कसे वाचावे हे मला स्वतःला त्या हकिकतीतून सर्वांत नीट उमगले.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून घटस्फोटाचा नवा कायदा लागू झाला. तोवर पती किंवा पत्नी यांपैकी एकाला दुसऱ्याचा दोष, म्हणजे व्यभिचार, क्रूरता वगैरे, न्यायालयात शाबित करावा लागत असे; नव्या कायद्याने ती अट काढून टाकली आणि मिटू न शकणारे मतभेद एवढे कारण पुरेसे ठरवले. समानतेच्या हेतूने केलेला हा कायदा प्रत्यक्षात स्त्रियांना महागात पडतो का, हे तपासण्यासाठी समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन यांनी लॉस एंजेलिस परगण्यातील २२८ घटस्फोटित स्त्रीपुरुषांच्या मुलाखती घेतल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात निष्कर्ष होता की पहिल्या वर्षात स्त्रियांचे राहणीमान ७३ टक्क्यांनी घटते आणि पुरुषांचे ४२ टक्क्यांनी वाढते. हे आकडे वृत्तपत्रांत, विधी नियतकालिकांत आणि न्यायनिर्णयांतही उद्धृत झाले. सॉल हॉफमन आणि ग्रेग डंकन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली दाखवून दिले, की देशभरच्या पाहण्यांतून दिसणारी घट याच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि हा आकडा जवळजवळ निश्चितपणे चुकलेला आहे. तरीही त्याचा प्रवास थांबला नाही. अखेर १९९६ साली रिचर्ड पीटरसन यांनी त्याच मुलाखतींच्या नोंदी घेऊन, तीच मोजपट्टी वापरून, सारे गणित पुन्हा केले. उत्तर आले स्त्रियांसाठी २७ टक्के घट आणि पुरुषांसाठी १० टक्के वाढ. मूळ आकडे चुकल्याचे वाइट्झमन यांनीही मान्य केले.

अशी चूक कशी होते, हे मी जवळून पाहिलेले आहे. संशोधन सहायक म्हणून काम करताना मुलाखतींचे कागदी अर्ज संगणकात भरण्याचे काम माझ्याकडे होते. ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात काही स्त्रियांनी शून्य लिहिले होते आणि काहींनी तो रकाना कोराच सोडला होता. मी दोन्हींसाठी शून्यच भरत गेले. कोरा रकाना म्हणजे उत्पन्न नाही असे नव्हे, सांगायचे नाही असाही त्याचा अर्थ असतो. सरासरी विचित्र वाटली म्हणून एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मूळ अर्ज काढून पडताळले, तेव्हा हे लक्षात आले. त्यांनी ते काढले नसते, तर त्या स्त्रियांबद्दल खोटे विधान आमच्या नावावर छापले गेले असते. म्हणून मोठा आणि लक्षात राहणारा आकडा दिसला, की तो दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे काढून पाहिला आहे का, हे मी पहिल्यांदा शोधते.

मात्र २७ टक्के हा आकडा लहान आहे असे कृपा करून समजू नका. ७३ चुकले म्हणून स्त्रियांचे नुकसानच होत नाही, असा उलटा अर्थ काढणारेही भेटतात. राहणीमान मोजताना घराच्या उत्पन्नाला त्या घराच्या गरजेने भागतात, म्हणून एक छोटे काल्पनिक उदाहरण घेऊ. चौघांच्या घराची गरज १०० आणि उत्पन्नही १०० आहे. विभक्त झाल्यावर आई आणि दोन मुले यांची गरज ८० होते, एकट्या वडिलांची ५०. म्हणजे तीच चार माणसे दोन घरांत राहू लागताच एकूण गरज १३० वर जाते. आता वडिलांकडे ५५ राहिले आणि आईची कमाई व पोटगी मिळून ५८ जमले, तर दोघांचे मिळून उत्पन्न पूर्वीपेक्षा वाढूनही आईचे घर सुमारे २७ टक्क्यांनी खाली येते आणि वडिलांचे १० टक्क्यांनी वर जाते. पोटगी ठरवताना केवळ दोघांची मिळकत पाहून चालत नाही, कोणत्या घरात किती तोंडे आहेत हेही पाहावे लागते, ते याचमुळे.

आता मुलांविषयी. ‘मागे पडतात’ असे कोणी म्हटले, की माझा पहिला प्रश्न असतो: कोणाच्या मागे? ज्युडिथ वॉलरस्टाइन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातील ६० घटस्फोटित कुटुंबांतील १३१ मुलांचा मागोवा घेतला आणि तो पुढे पंचवीस वर्षे चालू ठेवला. या मुलांच्या मनातील दुःख त्यांनी ज्या बारकाईने टिपले ते मोलाचे आहे, पण सुरुवातीला तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तारुण्यातील चिंता, प्रेमसंबंधांतील अविश्वास या गोष्टी एकत्र राहणाऱ्या पालकांच्या मुलांमध्येही असतात; त्या किती जास्त आहेत हे दुसरा गट नसताना सांगता येत नाही.

तुलना केल्यावर काय दिसते? पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ साली ९२ अभ्यास एकत्र केले, ज्यांत मिळून १३,००० हून अधिक मुले होती. घटस्फोटित पालकांची मुले अभ्यास, वर्तन, मनःस्वास्थ्य अशा बाबतींत सरासरीने खाली आढळली, हे खरे. पण फरकाचे मध्यक मूल्य प्रमाण विचलनाच्या ०.१४ पट एवढेच होते. याचा साधा अर्थ असा, की दोन्ही गटांतून एकेक मूल चिठ्ठी टाकून निवडले, तर शंभरपैकी सुमारे ५४ वेळा एकत्र कुटुंबातील मूल वरचढ निघेल आणि ४६ वेळा घटस्फोटित पालकांचे. फरक आहे, पण समोरच्या एखाद्या मुलाविषयी भाकीत करायला तो उपयोगाचा नाही.

शिवाय हा फरक नेमका कधी सुरू होतो, हेही पाहायला हवे. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास चालू होता. त्यामुळे अँड्र्यू चर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९१ साली एक दुर्मीळ गोष्ट करता आली: सात ते अकरा या वयात ज्या मुलांचे पालक विभक्त झाले, त्या मुलांच्या सातव्या वर्षीच्या, म्हणजे विभक्त होण्याआधीच्या, नोंदी तपासता आल्या. मुलग्यांमध्ये दिसणाऱ्या फरकाचा मोठा भाग आधीपासूनच होता. मुलींच्या बाबतीत तो भाग तुलनेने कमी होता, पण होता. घर मोडण्याच्या कितीतरी आधी घरात जे चालू असते, त्याची किंमत मुले तेव्हापासूनच मोजत असतात आणि आपण तो सारा हिशेब न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या तारखेवर टाकून मोकळे होतो. अमाटो आणि अ‍ॅलन बूथ यांच्या १९८० पासून चाललेल्या पाठपुराव्यात याला आणखी एक पदर मिळाला. ज्या घरांत सतत तीव्र भांडणे होती, तेथील मुले पालक विभक्त झाल्यावर पुढे अधिक स्वस्थ आढळली. ज्या घरांत वरवर शांतता होती आणि घटस्फोट मुलांच्या दृष्टीने अचानक आला, तेथील मुलांचे नुकसान अधिक झाले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. मुलांसाठी एकत्र राहा, हा सल्ला काही घरांत योग्य आणि काही घरांत घातक ठरतो. घर कोणत्या प्रकारचे आहे हे सरासरी सांगू शकत नाही.

निबंध कायद्याचा असल्यामुळे एक भर घालते. अमेरिकेत जोडीदाराच्या संमतीविना घटस्फोट मिळण्याची मुभा वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळ्या वर्षी दिली. त्या फरकाचाच आधार घेऊन बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वोल्फर्स यांनी २००६ साली दाखवले, की अशा राज्यांत कालांतराने स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसा सुमारे ३० टक्क्यांनी घटली. यात केवळ विभक्त झालेल्या स्त्रिया येत नाहीत. बाहेर पडण्याचा मार्ग उघडा आहे एवढ्यानेही चालू संसारातील बळाचा तोल बदलतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे आणि ते मला पटते. घटस्फोटाचा कायदा म्हणजे फक्त घटस्फोट घेणाऱ्यांचा कायदा, असे गृहीत धरून लिहिलेले निबंध मी बरेच वाचले आहेत. तुमच्या निबंधात ती उणीव राहू नये, असे मनापासून वाटते.

तुमचे मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘घटस्फोटित पालकांची मुले सरासरीने किंचित मागे आढळतात, हा फरक बऱ्याच अंशी घटस्फोटाच्या आधीपासूनचा असतो, आणि तीव्र कलहाच्या घरांत विभक्त होणे मुलांच्या हिताचे ठरू शकते.’ राहणीमानाविषयी लिहिताना २७ आणि १० हेच आकडे द्या, आणि ते १९७० च्या दशकातील लॉस एंजेलिस परगण्याचे आहेत हे त्याच वाक्यात नोंदवा.