ज्योने ॲमीला लगेच माफ करायला हवे होते का?

आपण विचारले आहे की 'चौघीजणी' (लुईसा अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन' या कादंबरीचा मराठी अनुवाद) वाचताना आपली बारा वर्षांची थोरली मुलगी, धाकट्या ॲमीने आपल्या मोठ्या बहिणीची, ज्योची, वही जाळली त्या प्रकरणापाशी अडली, पुस्तक मिटून बसली आणि "ज्योने माफ का करायचे?" असे विचारू लागली, तिच्या पाठची बहीण नऊ वर्षांची आहे, अशा वेळी थोरलीला काय सांगावे आणि मुळात हे पुस्तक या वयात द्यावे का. ज्योने लगेच माफ करण्याची काहीही गरज नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि "तू थोरली आहेस ना" हे वाक्य आपण या प्रसंगी मुलीला कृपा करून ऐकवू नये.

त्या वहीत काय होते ते आधी लक्षात घ्यावे. ज्योने त्या गोष्टी काही वर्षे जीव ओतून लिहिल्या होत्या आणि नुकतीच त्यांची स्वच्छ प्रत काढून जुने कागद नष्ट केले होते, त्यामुळे जळाले ते परत मिळण्यासारखे नव्हते. नाटकाला बरोबर नेले नाही एवढ्याच रागापायी ॲमीने ते जाळले. संध्याकाळी आईने समजावल्यावर तिने क्षमा मागितली आणि सगळ्या घराने मान वळवून ज्योकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे, कारण आमच्या घरातही तसेच पाहिले गेले होते.

ही १९९१ची गोष्ट आहे. सोलापुरात आमच्या वडिलांचे चादरींचे चार माग होते; खाली कारखाना आणि वर आम्ही. ज्यांनी सोलापुरी चादर फक्त पांघरली आहे त्यांच्यासाठी सांगते की जकार्डच्या मागावर चढणारी प्रत्येक नक्षी आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढावी लागते, मग त्या बरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडतात आणि ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे त्या भोकांवरून ठरते. मी चौदा वर्षांची होते आणि दीड वर्ष ग्राफच्या वहीत नक्ष्या काढत होते. मोर होते, कोयऱ्या होत्या, सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या देवळाचे शिखर होते. त्यातली एक कोयरी वडिलांनी नीट निरखून पाहिली होती आणि "दहावी झालीस की हिचे पुठ्ठे करून घेऊ" असे म्हटले होते. वडील कौतुकाला फार कंजूष होते, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवले होते.

संक्रांत होऊन गेली होती, गड्ड्याची जत्रा भरात होती. सकाळी आंघोळीचे पाणी काढायला गेले तेव्हा बंबाच्या खालच्या जाळीपाशी राखेत निळ्या चौकड्यांचा, बोटभर रुंदीचा एक कागद पडलेला दिसला, आणि त्यावर अर्धी कोयरी होती. बंबात रोज तुराट्या घालत असत; त्या दिवशी तुराट्यांचा भारा तसाच होता. माझी धाकटी बहीण, वय वर्षे दहा, दाराआड उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी तिला मारले नाही. मला हुंदकाच इतका मोठा आला की मी त्या ओल्या फरशीवर तशीच बसले.

आईने दुपारपर्यंत निवाडा केला. बहिणीला दोन धपाटे, मग "चुकलं" असे एकदा म्हणायला लावणे, आणि मला "थोरली आहेस ना, सोडून दे, कागदच होते". रात्री तिने आम्हा दोघींना एका ताटात जेवायला बसवले, कारण एका ताटात जेवले की भांडण मिटते, असे तिच्या आईने तिला शिकवले होते. ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही होते. बहीण भाकरीचा तुकडा मोडून दह्यात भिजवत राहिली. मी ताटाला हात लावला नाही. पुढचे सहा आठवडे मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि त्या सहा आठवड्यांत येणारे-जाणारे सर्व जण, मावशी, शेजारच्या काकू, कारखान्यातले कामगारसुद्धा, मलाच समजावत होते. जिने जाळले तिला कोणी काही म्हणत नव्हते, कारण तिने "चुकलं" म्हटले होते.

होळीच्या आदल्या दिवशी माझ्या उशीपाशी एक दोनशे पानी वही होती. ग्राफची वही महाग, म्हणून बहिणीने साध्या वहीच्या पानांवर पट्टी आणि पेन्सिलीने चौकोन आखले होते. पहिल्या दहा-बारा पानांवरचे चौकोन तिरपे होते, खोडून पुन्हा आखलेले होते, काही ठिकाणी खोडरबराने कागद फाटला होता. पुढे पुढे ते सरळ होत गेले. चाळीस पाने झाली होती. मी काही बोलले नाही, पेन्सिल घेतली आणि पहिल्याच वाकड्या पानावर कोयरी भरायला बसले. ती शेजारी येऊन बसली.

आमची आई आजही नातेवाइकांत सांगते की पोरींना एका ताटात बसवले आणि भांडण मिटले. ते तसे मिटले नाही. हे मी तिला तीसहून अधिक वर्षे सांगत आले आहे आणि येथेही लिहून ठेवते.

दोन वर्षांनी हिराचंद नेमचंद वाचनालयातून शांता शेळके यांचा हा अनुवाद आणला, तेव्हा मी त्या प्रकरणापाशी आपल्या मुलीसारखीच अडले, आणि पुढचा भाग वाचून अधिकच चिडले. नदीवरचा बर्फ मधोमध पातळ आहे, काठाने चला, हे शेजारच्या लॉरीने सांगितलेले ज्यो ऐकते, मागून येणाऱ्या ॲमीला ते ऐकू गेलेले नसते, आणि ज्यो तिला सांगत नाही. ॲमी पाण्यात पडते, वाचते, आणि त्या एका प्रसंगाने ज्योचा रास्त राग गुन्हा ठरतो. जळालेल्या वहीचा हिशेब तिथेच बुडतो. ती कोण भरून देणार, हे घरातले कोणी विचारत नाही. लेखिकेने येथे ज्योवर अन्याय केला, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे.

तरीही त्याच प्रकरणाच्या शेवटी पुस्तकातले सर्वांत मोलाचे संभाषण आहे, आणि त्यासाठी मुलीने तिथवर पोहोचावे असे मला मनापासून वाटते. आई ज्योला सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षे मी तो आवरायला शिकते आहे. आई चिडते हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलीला ठाऊक असते. पण आईने आपल्या रागाविषयी मुलीजवळ बसून बरोबरीच्या नात्याने बोलावे, हे मी त्या पानावर प्रथम वाचले.

माझ्या बहिणीचे म्हणणे मात्र वेगळे आहे. तिच्या मते वही जाळण्यापेक्षा पातळ बर्फाविषयी गप्प राहणे अधिक वाईट होते. येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी वर सांगायची राहिली. तिने सहामाहीचे प्रगतिपुस्तक पिठाच्या डब्याखाली लपवून त्यावर वडिलांची सही स्वतःच केली होती, आणि ते शोधून वडिलांच्या हातात नेऊन देणारी मीच होते. तिचे गड्ड्याला जाणे त्यामुळे रद्द झाले आणि दुसऱ्या दिवशी वही बंबात गेली. तेव्हा माझी बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती. पण म्हणून दीड वर्षाच्या कामाला कोणी "कागदच होते" म्हणावे, हे मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट मुलीला आवडेल. ॲमी जिच्यावरून बेतली ती लुईसा अल्कॉट यांची सर्वांत धाकटी बहीण मे चित्रकार होती, आणि १८६८ साली निघालेल्या मूळ कादंबरीच्या पहिल्या भागाची चित्रे तिनेच काढली होती. १८७९ मध्ये बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच ती गेली. तिची तान्ही मुलगी पुढच्या वर्षी लुईसाकडे आली आणि १८८८ मध्ये लुईसाचा मृत्यू होईपर्यंत तिच्याकडेच वाढली.

वयाविषयी विचारले आहे, तर बारा हे वय अगदी योग्य आहे. पुढे ज्योची बहीण बेथ जाते त्या प्रकरणाच्या वेळी मात्र घरात कोणीतरी जवळ असावे. धाकटीने थोरलीचे खरोखर काही बिघडवले असेल, तर ते भरून देण्याचे काम धाकटीकडेच सोपवावे, मग कितीही आठवडे लागोत, आणि घरात आजी असतील तर त्यांनाही एका ताटाचा उपाय करू देऊ नये. थोरलीने पुस्तक मिटून ठेवले असेल तर सध्या तसेच राहू द्यावे. मला ते प्रकरण ओलांडायला चार दिवस लागले होते.